सासऱ्यांची अंगठी

पत्र असं आहे, थोडं कापून देतो:

"पुढच्या महिन्यात माझा निकाह आहे. लग्न ठरलं त्या दिवशी होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या हातात एक डबी ठेवली. आत त्यांच्या दिवंगत पतींची सोन्याची अंगठी होती. 'हे गेल्यापासून कपाटातच पडून आहे, आता तुमच्या बोटात बघायची आहे,' असं त्या म्हणाल्या. मी 'पुरुषांना सोनं हराम आहे' एवढंच म्हणालो आणि डबी परत दिली. त्यांचा चेहरा उतरला. 'म्हणजे हे जन्मभर हराम घालून फिरले का?' असं विचारून त्या आत गेल्या. तेव्हापासून फोनवरही तुटक बोलतात. मित्र म्हणतो, अंगठी वितळवून पांढऱ्या सोन्याची करून घे, मनाई पिवळ्याला आहे. आम्ही शाफई, सासरचे हनफी. माझ्या बोटात कॉलेजपासून स्टीलची अंगठी आहे, मेहुण्याच्या मते तीही चालत नाही. गळ्यात चांदीची साखळी आहे, तिच्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. नक्की काय घालावं, काय नाही? आणि सासूबाईंना काय सांगू?"

अस्सलामु अलैकुम.

मसला, म्हणजे धर्माचा नियम, तुम्ही बरोबर सांगितलात, पण डबी परत करून चूक केलीत. या दोन गोष्टी तुमच्या डोक्यात एकच झाल्या आहेत, म्हणून आधी त्या वेगळ्या करू. मी मुफ्ती नाही. फिकहची (इस्लामी धर्मशास्त्राची) पुस्तकं वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. तेव्हा जे लिहितो ते त्याच मापानं घ्या.

सोन्याबद्दल शंका ठेवायला फारशी जागा नाही. हजरत अली (रजि.) सांगतात की पैगंबर मुहम्मद (स.) यांनी एका हातात रेशीम आणि दुसऱ्या हातात सोनं धरलं आणि म्हणाले, या दोन्ही गोष्टी माझ्या उम्मतच्या (अनुयायी समाजाच्या) पुरुषांवर हराम आहेत. हजरत अबू मूसा (रजि.) यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या नोंदीत) स्त्रियांना त्या हलाल असल्याचंही आलं आहे. हनफी, शाफई, मालिकी, हंबली या चारही सुन्नी मस्लकांत (फिकहच्या परंपरांत) पुरुषाला सोन्याची अंगठी नाही. शिया फिकहमध्येही नाही, उलट तिथे नियम जास्त कडक आहे: सोनं घालून पुरुषानं नमाज पढली तर ती नमाजच होत नाही. सुन्नी मस्लकांत बहुतेकांच्या मते नमाज होते, घातल्याचा गुन्हा तेवढा वेगळा राहतो. इमाम नववी हे तुमच्याच शाफई मस्लकातलं मोठं नाव. सातव्या हिजरी शतकातल्या या इमामांनी सोन्याच्या अंगठीच्या मनाईवर मुसलमानांचं एकमत असल्याचं नोंदवून ठेवलं आहे.

पण ज्या हदीसच्या (पैगंबरांच्या वचन-कृतीच्या नोंदीच्या) जोरावर तुम्ही डबी परत केलीत, ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेली दिसत नाही. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. पैगंबर (स.) यांना एका माणसाच्या हातात सोन्याची अंगठी दिसली. त्यांनी ती काढून फेकली आणि म्हणाले, तुमच्यातला कुणी आगीचा निखारा उचलतो आणि हातात घालतो! व्याख्यानात गोष्ट बहुधा इथेच थांबते. रिवायत मात्र पुढे जाते. पैगंबर (स.) निघून गेल्यावर लोक त्या माणसाला म्हणाले, अंगठी उचल, तिचा काही उपयोग करून घे. तो म्हणाला, नाही, अल्लाहची शपथ, जी अल्लाहच्या रसूलनं फेकली ती मी कधीच उचलणार नाही.

त्याचं उत्तर प्रेमाचं होतं, आणि त्या प्रेमाला तोड नाही. पण उलमांचं (धर्मविद्वानांचं) लक्ष लोकांच्या वाक्याकडेही गेलं. त्यांनी अंगठी उचलायला सांगितली, कारण फेकल्यानं ती नजिस (अपवित्र) झाली नव्हती की त्याच्या मालकीतून गेली नव्हती. विकता आली असती, बायकोला किंवा बहिणीला देता आली असती. मनाई घालण्याची होती, जवळ बाळगण्याची नव्हती.

याहून तुमच्या प्रसंगाच्या जवळची गोष्ट हजरत उमर (रजि.) यांची आहे. मशिदीच्या दाराशी त्यांना एक रेशमी पोशाख विकायला ठेवलेला दिसला. ते पैगंबर (स.) यांना म्हणाले, हा घ्या, जुम्याला आणि बाहेरची शिष्टमंडळं येतात तेव्हा घालता येईल. उत्तर मिळालं, आखिरतमध्ये (मरणानंतरच्या जीवनात) ज्याचा वाटा नाही तो हे घालतो. काही दिवसांनी पैगंबर (स.) यांच्याकडे तसेच काही पोशाख आले आणि त्यातला एक त्यांनी उमर यांनाच पाठवला. उमर चक्रावले. तुम्ही तर त्या दिवशी असं असं म्हणाला होतात, मग मला का? पैगंबर (स.) म्हणाले, मी तुला तो घालायला दिलेला नाही. शेवटी उमर यांनी तो पोशाख मक्केतल्या आपल्या एका भावाला पाठवला, जो तेव्हा मुसलमानही नव्हता. हजरत अली (रजि.) यांच्याही बाबतीत तसंच घडलं. त्यांना रेशमी पोशाख मिळाला, त्यांनी तो घातला, पैगंबरांच्या (स.) चेहऱ्यावर राग दिसला, तेव्हा त्यांनी तो फाडून घरातल्या स्त्रियांत वाटून टाकला.

म्हणजे जी वस्तू अंगावर घालता येत नाही ती भेट म्हणून घेता येते, आणि ती खुद्द पैगंबर (स.) यांच्याकडून देण्यात आली आहे. तुमची डबी तर एका विधवा बाईनं दिलेली होती.

आता पांढरं सोनं. तुमच्या मित्राला सांगा की हदीसमध्ये रंग नाही, धातू आहे. पांढरं सोनं हे सोनंच असतं. त्यात पॅलेडियम किंवा निकेलसारखा धातू मिसळला की पिवळेपणा फिका पडतो, आणि वरून बहुधा ऱ्होडियमचा चकचकीत थर देतात. 18 कॅरटच्या पांढऱ्या सोन्यात 75 टक्के सोनं असतं, पिवळ्या 18 कॅरटमध्ये असतं तेवढंच. सासऱ्यांची अंगठी वितळवून पांढरी केली तर त्यांची आठवण तेवढी जाईल, हुकूम जागच्या जागी राहील. एवढा खर्च करून दोन्हीकडून तोटा!

या गोंधळाला एक कारण मात्र आहे. अरबीत प्लॅटिनमलाही कित्येकदा 'पांढरं सोनं' म्हणतात. त्यामुळे एखाद्या अरबी फतव्यात 'पांढरं सोनं जायज' असं वाचून कुणी सराफाकडे गेला, तर फतवा एका धातूचा आणि हातात दुसरा धातू, असं होऊ शकतं. ओळखायचं तर अंगठीच्या आतला शिक्का बघावा. 750 किंवा 585 असेल तर सोनं. प्लॅटिनमवर बहुधा 950 असतं आणि त्याच्याजवळ 'पीटी' अशी खूण. प्लॅटिनम जुन्या फकीहांच्या (फिकहच्या जाणकारांच्या) ओळखीचा धातू नव्हता, म्हणून त्याच्यावर मतं आजच्या काळातली आहेत. अनेक उलमा म्हणतात की मनाई सोन्याची आहे, हे सोनं नाही, म्हणून चालेल. हनफी मुफ्ती साधारणपणे नको म्हणतात, कारण त्यांच्याकडे पुरुषाला अंगठी चांदीचीच.

इथून तुमच्या मेहुण्याच्या हरकतीकडे वळतो, कारण मुळं एकच आहेत. अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीससंग्रहांत एक रिवायत आहे. एक माणूस पितळेची अंगठी घालून आला तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, मला तुझ्याकडून मूर्तींचा वास येतोय. तो लोखंडाची घालून आला तेव्हा म्हणाले, हा तर नरकातल्या लोकांचा साज. मग कशाची घालू, असं त्यानं विचारलं. उत्तर होतं, चांदीची, आणि तीही पुरती एक मिस्काल (वजनाचं जुनं माप) भरू देऊ नकोस. हनफी फिकहनं हीच रिवायत धरून लोखंड, पितळ, तांबं या धातूंची अंगठी मकरूह (नापसंत) ठरवली. पोलाद लोखंडापासूनच होतं, म्हणून स्टीलही त्यात आलं.

शाफईंचं म्हणणं, ही रिवायत सनदीनं (सांगणाऱ्यांच्या साखळीनं) कमजोर आहे आणि समोर बुखारी या संग्रहातली मजबूत रिवायत उभी आहे. एका गरीब माणसाला निकाह करायचा होता, महर (नवऱ्यानं बायकोला द्यायची देणगी) द्यायला काही नव्हतं. पैगंबर (स.) त्याला म्हणाले, शोध, लोखंडाची अंगठी का असेना. (त्याला तीही मिळाली नाही. शेवटी त्याला येणारं कुरआन हाच महर ठरला.) लोखंडाची अंगठी इतकी वाईट असती तर ती महरसाठी शोधायला सांगितली असती का? इमाम नववींनी लोखंडाची अंगठी मकरूह नाही असंच मत धरलं. हनफी यावर म्हणतात की ती अंगठी बायकोला द्यायची होती, पुरुषानं घालायची नव्हती. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

तेव्हा तुमच्या मस्लकात तुमची स्टीलची अंगठी गुन्हा नाही, आणि मेहुणा त्याच्या मस्लकात खोटं बोलत नाही. तरीही माझं ऐकणार असाल तर ती काढा आणि चांदीची घाला. चांदीच्या अंगठीवर तुम्हा दोघांचंही एकमत आहे, आणि ज्या घरात नातं जोडताय तिथे पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या स्टीलवरून वाद कशाला?

चांदीची अंगठी खुद्द पैगंबर (स.) यांच्या बोटात होती, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आधी त्यांनी सोन्याची करून घेतली होती, तिचा खडा तळहाताकडे वळवून घालायचे. लोकांनीही तशाच करून घेतल्या. मग एक दिवस त्यांनी ती काढून टाकली आणि म्हणाले, मी ही पुन्हा कधी घालणार नाही. लोकांनीही आपापल्या काढून टाकल्या. पुढे बाहेरच्या राजांना पत्रं लिहायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सांगितलं की मोहोर नसलेलं पत्र ते वाचत नाहीत. म्हणून चांदीची अंगठी घडवली आणि तिच्यावर 'मुहम्मद रसूल अल्लाह' तीन ओळींत कोरलं, एका ओळीत एक शब्द. तोच मजकूर दुसऱ्या कुणी कोरू नये, असंही बजावलं, कारण ती राज्यकारभाराची मोहोर होती. त्यांच्यानंतर ती हजरत अबू बकर, मग हजरत उमर आणि मग हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे आली. उस्मान एकदा अरीसच्या विहिरीवर बसले होते, अंगठी बोटातून काढत-घालत होते, आणि ती विहिरीत पडली. तीन दिवस शोधली, विहिरीचं पाणी उपसलं. सापडली नाही.

तिच्याकडे बघितलं की फिकहचा बराचसा भाग आपोआप कळतो. ती कामाची होती, छोटी होती, आणि चांदीची होती. वजनाबद्दल हनफी म्हणतात एका मिस्कालच्या आत, म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम (काही जण 4.374 ग्रॅम धरतात). मालिकी दोन दिरहमपर्यंत जातात, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. शाफई आकडा सांगत नाहीत, ज्याला लोक उधळपट्टी म्हणणार नाहीत तेवढं वजन. तुम्ही चार ग्रॅमची केलीत की कुठलाही प्रश्न उरत नाही. हात उजवा की डावा, दोन्ही रिवायती आहेत, भांडू नका. बोट करंगळी. मधलं बोट आणि त्याच्या शेजारची तर्जनी मात्र नको, हजरत अली (रजि.) यांच्याकडून तशी मनाई आलेली आहे. खडा चालतो. पैगंबरांच्या (स.) एका अंगठीचा खडा हबशी होता असं एका रिवायतीत आहे, दुसरीत खडाही चांदीचाच.

खड्याच्या बाबतीत मी पोळलेलो आहे, म्हणून थोडं थांबतो. पंचविशीत मी अकीकची अंगठी घालायचो. शिया परंपरेत उजव्या हातात अकीक घालणं पुण्याचं मानतात आणि सुन्नींतही तो आवडीनं घालतात, तेव्हा त्यात काही गैर नव्हतं. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री अंगठी सापडेना. मी सगळं घर उलटं केलं, झोपलो नाही, आणि पहाटे लक्षात आलं की मला भीती अंगठी गेल्याची नव्हती, तिच्याशिवाय पेपर वाईट जाईल याची होती. म्हणजे शोभेची वस्तू कधीच ताईत होऊन बसली होती. नफा-नुकसान दगडाच्या हाती आहे असं मनात आलं की धातू कुठलाही असो, मामला दागिन्याचा राहत नाही, अकीद्याचा, म्हणजे श्रद्धेचा, होतो. अंगठी नंतर चादरीत सापडली. मी ती भावाला देऊन टाकली.

लग्नाची अंगठी म्हणून चांदीची घालायला हरकत आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे येईलच. काही उलमा ती दुसऱ्या धर्मातून आलेली रीत म्हणून नको म्हणतात. इतरांच्या मते ती निकाहचा भाग मानली नाही आणि ती काढली तर लग्न मोडतं वगैरे समजुती ठेवल्या नाहीत, तर ती एक साधी अंगठी आहे. मला दुसरं मत पटतं.

आता गळ्यातली साखळी. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणता, तर मीच वाईटपणा घेतो. चांदीची पुरुषाला जी मोकळीक आहे ती मुख्यतः अंगठीची, शिवाय तलवारीची मूठ वगैरे हत्यारांच्या साजाची. साखळी, कडं, बाळी हे चारही मस्लकांच्या प्रचलित मतात स्त्रियांचे दागिने धरले आहेत, आणि स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर (आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांवरही) पैगंबर (स.) यांनी लानत (धिक्कार) केल्याची रिवायत बुखारीत आहे. आजचे काही अभ्यासक म्हणतात की स्त्रियांचं काय आणि पुरुषांचं काय हे रिवाजावर ठरतं आणि रिवाज बदलतो. मुद्दा चुकीचा नाही, पण त्यावर साखळी टांगण्याइतका तो मला भक्कम वाटत नाही. काढून ठेवा. आजाराची किंवा ॲलर्जीची नोंद असलेली पट्टी असेल तर ती वेगळी, ती दागिना नव्हे. घड्याळही नव्हे, फक्त ते सोन्याचं नसावं.

गरजेपुढे तर सोन्याचीही मनाई सैल होते. अरफजा (रजि.) नावाच्या सहाबींचं (पैगंबरांच्या सोबत्याचं) नाक इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. दाताला सोनं लावण्याची परवानगी फकीह यावरूनच काढतात.

सासूबाईंना समजावताना कुणी तुम्हाला 'सोन्यामुळे पुरुषाच्या रक्तात दोष होतो' छापाची माहिती पुरवली तर ती कृपा करून वापरू नका. त्याला आधार नाही. सोनं हा इतका निष्क्रिय धातू आहे की दातांत आणि शरीरात बसवायच्या उपकरणांत तो वापरतात. हदीसमध्ये असं कारण दिलेलं नाही. उलमांनी डामडौल, गर्व, स्त्रियांशी साम्य अशी कारणं सुचवली आहेत, ती सुचवण्याच्या पातळीवरच ठेवावीत. आणि सोनं घाणेरडं म्हणून मना केलं असंही नाही. कुरआनच्या सूरह कहफमध्ये (18:31) जन्नतच्या लोकांना सोन्याची कंकणं घालतील असं स्पष्ट आहे.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. खरं तर तुमच्या पत्रात एवढाच एक प्रश्न आहे. 'हे जन्मभर हराम घालून फिरले का?' त्या तुम्हाला मसला विचारत नव्हत्या. तुम्ही एका वाक्यात त्यांच्या नवऱ्याला उभं केलंत आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. गेलेल्या माणसाला मसला पोचला होता का, कळला होता का, त्यानं तौबा केली होती का, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही. काही सहाबींच्या बोटातही सोन्याची अंगठी होती अशा रिवायती आहेत, आणि उलमांनी त्यांचा अर्थ काय लावला? त्यांच्यापर्यंत मनाई पोचली नसेल, किंवा त्यांनी तिचा अर्थ वेगळा घेतला असेल. सहाबींना जो चांगला अंदाज मिळतो तो तुमच्या सासऱ्यांनाही द्या.

म्हणून फोन नको, प्रत्यक्ष जा. सुरुवात मसल्यानं करू नका. 'त्या दिवशी मी डबी परत द्यायला नको होती, माझं चुकलं,' इथून करा. मग सांगा की अंगठी मला हवी आहे, मी ती घालणार नाही, पण ती आमच्या घरात राहील. त्यांनी विचारलं, तर हजरत उमर यांच्या रेशमी पोशाखाची गोष्ट सांगा. ती अशीच सांगितली तर टोचत नाही. त्यांनी नवऱ्याबद्दल पुन्हा विचारलं, तर निर्णय देऊ नका, दुआ करा, त्यांच्यासमोर.

अंगठी घेतल्यावर ती तुमची झाली. बायकोला द्यावी, तिला सोनं हलाल आहे, आणि वडिलांची अंगठी मुलीच्या बोटात गेली तर सासूबाईंना जे बघायचं होतं त्याच्या बरंच जवळचं काही त्यांना दिसेल. माप मोठं असेल तर लहान करून घेता येतं, वितळवायची गरज नाही. एक हुशारी मात्र करू नका. दोन्ही बाजू राजी असतील तर हीच अंगठी महरमध्येही धरता येते, कायद्यात ते बसतं. पण आईनं दिलेली वस्तू मुलीला महर म्हणून परत करायची, हे मला बघवणार नाही. महर तुमच्या कमाईतून द्या.

जकातचं (सक्तीच्या धर्मदानाचं) थोडक्यात: सोन्याचा निसाब, म्हणजे ती लागू होण्याची किमान मर्यादा, 20 मिस्काल, सुमारे 85 ग्रॅम. एकटी अंगठी तिथे पोचत नाही. पण बायकोकडे इतर सोनं असेल तर हनफींच्या मते वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे, शाफईंच्या प्रचलित मतात हलाल वापरातल्या दागिन्यांवर नाही. दोघांची मस्लकं वेगळी आहेत, तेव्हा ते तिला ठरवू द्या, सोनं तिचं आहे.

आणि चांदीची अंगठी करायला टाकाल तेव्हा किंचित सैल मापाची सांगा. घट्ट अंगठीखाली वुजूचं (नमाजआधी हात-तोंड धुण्याचं) पाणी पोचत नाही, दर वेळी ती फिरवत बसावं लागतं, आणि फार सैल केलीत तर हजरत उस्मान (रजि.) यांच्यासारखे तुम्हीही विहिरीत वाकून बघत बसाल.